रांगेतली मधली जागा

आमच्या गावच्या चर्चमध्ये पुरुषांच्या दुसऱ्या रांगेतली मधली जागा माझी होती. डावीकडे विस्सा उभा राही, उजवीकडे त्याचा थोरला भाऊ आर्मानियोस. ती जागा मला कोणी नेमून दिली नव्हती. दोघा भावांना एकमेकांशेजारी उभे राहायचे नव्हते आणि दोघांनाही, वडील ज्या रांगेत उभे राहत ती रांग सोडायची नव्हती. मधे कोणीतरी हवे होते, आणि मी दोघांचाही मित्र होतो.

त्यांच्या आईचे निधन झाले तेव्हा विस्सा कुवेतमध्ये बांधकामावर होता. तो काम सोडून परतला तो थेट चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला. अंगणात सांत्वन स्वीकारण्यासाठी घरचे पुरुष ओळीने उभे होते. विस्साने हात पुढे केला. आर्मानियोसने आपला हात झब्ब्याच्या बाहीत ओढून घेतला आणि मागच्या माणसाकडे पाहिले. साऱ्या गावादेखत विस्साचा हात तसाच अधांतरी राहिला. आमच्या मुलखात सांत्वन नाकारणे म्हणजे नाते पुरून टाकणे.

आमचे धर्मगुरू अबूना सिदारूस यांनी आर्मानियोसला स्पष्ट सांगितले होते, "आधी भावाचा हात घे, मग प्रभुभोजनाला ये." तेव्हापासून तो दर रविवारी येई, शेवटपर्यंत उभा राही आणि न घेताच परते. त्याची बायको रिफ्का स्त्रियांच्या बाजूने एकटीच वेदीकडे जाई. नवऱ्याबरोबर एकाच दिवशी प्रभुभोजन घ्यावे, एवढी एकच मागणी ती देवापाशी करत आली होती.

आता आमच्या उपासनेतली एक रीत सांगितली पाहिजे. प्रभुभोजनापूर्वी वेदीपाशी धर्मगुरूंना साथ देणारा सेवक पुकारतो, एकमेकांना शांती द्या. मग वेदीपासून निघालेला स्पर्श एकाच्या तळव्यांतून दुसऱ्याच्या तळव्यांत असा हातोहात रांगेच्या टोकापर्यंत जातो. ज्याने तो घेतला, त्याने आपली बोटे ओठांना लावायची आणि पुढच्याला द्यायचा. आमच्या रांगेत तो डावीकडून येई: विस्साकडून माझ्याकडे, माझ्याकडून आर्मानियोसकडे, आणि तिथून पुढे उजवीकडच्या म्हाताऱ्यांकडे.

जवळच्या मल्लावी शहरातल्या औद्योगिक शाळेत मी लेथचे काम शिकवत असे. बोटांनी पृष्ठभाग तपासण्याची सवय हाडीमांसी मुरलेली. त्यामुळे आर्मानियोसच्या हातात काय घडत गेले, ते माझ्या हाताला माझ्याआधी कळले असावे.

सुरुवातीला तो बोटांची टोके तेवढी लावी आणि लगेच झब्ब्याला पुसे. कोणाचा स्पर्श माझ्यामार्फत येतो आहे, हे तो जाणून होता. पुढे कधीतरी त्याने पुसणे सोडले. हात नुसता खाली जाई. तो बदल नेमका कोणत्या रविवारी झाला, हे मला सांगता येणार नाही. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासातल्या एका सकाळी पाहिले, तर त्याची बोटे ओठांपाशी होती. मी मान फिरवली. कोणाच्या उघड्या दारातून आत डोकावल्यासारखे वाटले.

मग एका हिवाळ्यात विस्सा तापाने घरी पडून होता. त्याच्या जागी त्याचा शेजारी उभा होता. मी नेहमीप्रमाणे शांती घेतली, दिली. उपासना संपल्यावर आर्मानियोसने फाटकापाशी मला गाठले.

"आज त्या बाजूला कोण होतं रे?"

"का?"

"वेगळं लागलं हाताला."

"माझाच तर हात होता, आर्मानियोस."

"तुझाच होता," तो म्हणाला. "पण आतून वेगळा होता."

मी त्याला सांगितले की विस्साला ताप आहे. दुसऱ्या दिवशी रिफ्का विस्साच्या घरी मसुराचे सूप देऊन आल्याचे कळले. कोणी पाठवले, हे तिने सांगितले नाही आणि विस्साच्या घरी कोणी विचारलेही नाही.

त्या वर्षीच्या वसंतात एकदा मी त्यांच्या घरावरून जात होतो. रिफ्का मातीच्या तबकड्यांवर कणकेचे गोळे थापून उन्हात फुगायला ठेवत होती.

"बसा, उस्ताद बिशाय. चहा टाकते." शाळामास्तरांना आमच्याकडे उस्ताद म्हणतात.

"नको, घाईत आहे."

"निवृत्त माणसाला कसली घाई? बसा. तुमच्याशी काम आहे." मी बाकावर बसलो. तिने हाताचे पीठ झटकले. "या रविवारी चर्चमध्ये येऊ नका."

"असं सांगणारी तू गावातली पहिलीच बाई."

"या, पण मागे उभे राहा. गुडघा दुखतो म्हणा."

"माझा गुडघा ठणठणीत आहे."

"मग दुखवून घ्या." तिचा आवाज खाली आला. "गेले कित्येक रविवार हे सकाळी चहा घेत नाहीत. पाण्याचा घोटसुद्धा नाही. विचारलं तर म्हणतात, पोट बरं नाही. उस्ताद, उपाशीपोटी कोण जातं चर्चला? ज्याला प्रभुभोजन घ्यायचं असतं तोच ना? अबूनांपुढे पापकबुलीही दिलीये यांनी. जातात, उभे राहतात, परत येतात आणि मग गुपचूप जेवतात."

"तू का बोलत नाहीस त्याच्याशी?"

"कणकेवरचं फडकं सारखं उचलून बघितलं की ती बसते. मी नाही उचलत." मग ती हसली. "तुम्ही मात्र जरा बाजूला व्हा."

त्या रविवारी मी मागच्या भिंतीशी उभा राहिलो. दुसऱ्या रांगेत दोन भावांच्या मधे एका माणसाएवढी जागा रिकामी दिसत होती. आर्मानियोसने दोनदा वळून मला शोधले. मी गुडघ्यावर हात ठेवला.

सेवकाने पुकारा केला. स्पर्श रांगेतून विस्सापर्यंत आला. त्याने बोटे ओठांना लावली, हात पुढे केला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आले की पुढे मी नाही.

हात पुन्हा अधांतरी होता. चाळिसाव्याला उपस्थित असलेले कितीतरी जण त्या दिवशी तिथे होते. विस्साने हात मागे घेतला नाही. तो घेईल असे मला वाटले होते. मी घेतला असता. आर्मानियोस वेदीपुढच्या पडद्याकडे पाहत उभा होता. त्याच्या उजवीकडचे म्हातारे तळवे पुढे करून वाट पाहत होते. आर्मानियोसने घेतल्याखेरीज त्यांच्यापर्यंत काही पोहोचणार नव्हते.

त्याने उजवीकडे पाहिले, त्या पसरलेल्या हातांकडे. मग तो डावीकडे वळला आणि मोकळ्या जागेत एक पाऊल टाकले. भावाचा हात त्याने दोन्ही तळव्यांत धरला, आणि सोडायला हवा होता त्याहून बराच अधिक वेळ धरून ठेवला. धूप वर चढत होता. भजन चालूच होते. पण मला ते दुरून, पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत होते. मी आयुष्यभर यंत्रे हाताळली. काय कशाला फिरवते, हे मला दाखवता येते. या माणसाला कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या बळाने फिरवले, हे मला दाखवता आले नसते. ते काम माझ्या हातांतून गेले होते आणि मला त्याचे वजनही लागले नव्हते. मी भिंतीला टेकलो.

आर्मानियोसने बोटे ओठांना लावली आणि उजवीकडे वळून म्हाताऱ्यांना शांती दिली.

पुढे त्याने पायांतले बूट काढले आणि वेदीकडे जाणाऱ्या पुरुषांच्या मागे उभा राहिला. विस्सा त्याच्या मागे होता. पलीकडे स्त्रियांच्या ओळीत रिफ्काने पांढरी ओढणी चेहऱ्यावर ओढून घेतली होती.

प्रभुभोजनानंतर पाणी पिईपर्यंत आम्ही बोलत नाही. अंगणातल्या नळावर दोघे भाऊ उभे होते. आर्मानियोसने पेला भरला आणि आधी विस्साला दिला. मग स्वतः प्यायला, तोंड पुसले आणि माझ्याकडे आला.

"गुडघा कसा आहे?"

"बरा आहे आता."

"बरोबर. रिफ्काच्या औषधाला गुण असतो." मागे रिफ्का दुसरीकडेच पाहत होती. "पुढच्या रविवारी कुठे उभा राहणार?"

"मागेच राहीन म्हणतो."

"मागे नको," आर्मानियोस म्हणाला. "माझ्या उजव्या हाताला ये. मी देईन तुला."