मुकी चाचणी

विधिमंडळाची समिती अकराला येणार होती आणि ताई साडेआठलाच ऑफिसात हजर. आपत्ती नियंत्रण कक्षात सतरा वर्षं काढलेली बाई, संचालकसाहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. जग बुडालं तरी डबा संपवून मगच फोन उचलेल, अशी तिची ख्याती. त्या दिवशी मात्र डबा उघडलासुद्धा नाही. आणि ते काही समितीच्या धाकाने नव्हे.

भिंतीवरच्या फळ्यावर धरणाची पातळी दर तासाला पुसून नव्याने लिहिली जात होती. वर डोंगरात तीन दिवस पाऊस झोडपत होता, इथे शहरात नुसतं मळभ. सकाळी सहाला धोक्याच्या खुणेला चार फूट बाकी होतं, ताई आली तेव्हा साडेतीन. दरवाजे उघडायची वेळ आलीच, तर खालच्या चौदा वस्त्यांना पळायला जेमतेम अर्धा तास मिळणार. त्या अर्ध्या तासात माणसं घराबाहेर काढायची, ती चौदा भोंग्यांनी. नऊ नंबरचा भोंगा नदीकाठच्या वस्तीत, पाण्याच्या टाकीवर बसवलेला. टाकीपासून चार घरं सोडून ताईचा धाकटा भाऊ राहायचा. बायको, दोन पोरं आणि गुडघे गेलेली आई त्याच्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, भोंगे आहेत ना, मग भ्यायचं कशाला? तेच तर सांगायचंय.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी या ऑफिसाने भोंग्यांची चाचणी घेतली होती. खरीखुरी, वाजवून. फक्त लोकांना आधी कळवायचं राहून गेलं. माणसं भरल्या ताटावरून उठून पळत सुटली, पुलावर चेंगराचेंगरी झाली, एका सुताराचा पाय कायमचा गेला. विधिमंडळात गदारोळ झाला, तेव्हाच्या संचालकांची उचलबांगडी झाली आणि वरून हुकूम आला की पूर्वपरवानगीशिवाय भोंगा वाजवू नये. दर महिन्याला परवानगी मागितली जायची आणि दर महिन्याला घोडं कुठेतरी पेंड खायचं. पण नोंदवहीतला चाचणीचा रकाना काही रिकामा ठेवता येईना. शेवटी वायरमनने तोडगा काढला. पॅनेलवरची किल्ली कायमची ‘बंद आवाज’वर ठेवायची, नुसती कळ दाबायची, हिरवा दिवा लागला की भोंगा ठीक. ऑफिसात याला मुकी चाचणी म्हणायचे. आता हिरवा दिवा सांगतो काय, तर इथून गेलेला संदेश तिथल्या पेटीपर्यंत पोचला. बस. पेटीच्या पुढे कर्ण्याला आवाज आहे की त्यात कावळ्याने संसार थाटलाय, ते देव जाणे.

त्या रकान्यात गेली सहा वर्षं ताईची सही होती. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोला. पण गेल्या रविवारी ती आईला भेटायला गेली, तेव्हा धाकट्याच्या पोरीने टाकीकडे बोट दाखवून विचारलं, “आत्या, तो कसा वाजतो गं?” आत्याला सांगता येईना. कर्णा गंजून लाल झाला होता. त्या रात्रीपासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

साहेबांना तिने सोमवारीच सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले, “ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. समिती येते, चहा घेते, जाते. तुम्ही मध्येच नसतं उकरून काढू नका. विचारलं तरी मी बोलेन.”

अकराला समिती आली. पाच सदस्य आणि अध्यक्षबाई. अध्यक्षबाई साठी उलटलेल्या, केस कापसासारखे, आवाज हळू. पण समोरच्याचं बोलणं पुरतं संपेपर्यंत पापणी न हलवता बघत राहायच्या, त्यामुळे भल्याभल्यांची बोबडी वळायची. साहेबांनी पडद्यावर तक्ते दाखवले. बोटी इतक्या, दोऱ्या इतक्या, प्रशिक्षित तरुण इतके. भोंग्यांवर आले तेव्हा म्हणाले, “शंभर टक्के कार्यान्वित.”

अध्यक्षबाईंनी नोंदवही ओढून घेतली आणि पानं उलटली. “ही सही कुणाची?”

ताई उभी राहिली.

“दर महिन्याला चौदाच्या चौदा ठीक? माझ्या घरात मेले सहा दिवे, त्यातला एक तरी महिन्याला जातो.”

सगळे हसले. साहेब सगळ्यात जास्त हसले. “ताईंची देखरेखच तशी कडक आहे, बाईसाहेब.”

“हो ना?” अध्यक्षबाईंनी ताईकडेच पाहिलं.

“हो,” ताई म्हणाली. म्हणून बसली, आणि बसता क्षणी तिला स्वतःचीच शिसारी आली. तेवढ्यात कक्षातले फोन घेणारा माणूस आत येऊन साहेबांपुढे चिठ्ठी ठेवून गेला. साहेबांनी ती वाचली आणि फाइलखाली सरकवली. पण ताई शेजारीच बसलेली. अडीच फूट, दुपारी दरवाजे उघडावे लागण्याची शक्यता, असं त्यात लिहिलं होतं.

पाणी प्यायच्या निमित्ताने ती बाहेर आली आणि जिन्याखाली उभं राहून तिने धाकट्याला फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

“आईला आणि पोरांना घेऊन माझ्याकडे ये. आत्ताच्या आत्ता.”

“ऑं? का गं, काय झालं?”

“पाणी वाढतंय.”

“अगं, ते मलाही दिसतंय. भोंगा वाजला की निघूच की. सकाळपासून अर्धी वस्ती विचारून गेली, सामान बांधायचं का म्हणून. मी म्हटलं, भोंग्याच्या कागदावर माझ्या ताईची सही असते, गप घरात बसा.”

ताईने भिंतीला हात टेकला. “माझ्या सहीवर जाऊ नकोस रे.”

धाकटा हसायला लागला. “मग कुणाच्या सहीवर जाऊ? तू पण ना, लहानपणापासून भित्री भागूबाई.”

तिने फोन ठेवला. जिना चढून वर जाईपर्यंत तिच्या मनात एकच येत होतं, की हे आपण केलंय, साहेबांनी नाही, वायरमननेही नाही. आत चहा आला होता. एक सदस्य बिस्किट बुडवत होते. ताई बसली नाही.

“बाईसाहेब, मघाशी मी खोटं बोलले.”

साहेबांचा कप बशीत आदळला. “ताई!”

“बोलू द्या त्यांना,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

मग ताईने सगळं सांगितलं. मुकी चाचणी, हिरवा दिवा, किल्ली, फाइलखालची चिठ्ठी, सगळं. मध्ये तिला रडू आलं, तेही तिने आवरलं नाही. “नऊ वर्षांत एकही भोंगा वाजलेला नाही. वाजतात की नाही, मला ठाऊक नाही. इथे कुणालाच ठाऊक नाही.”

“आणि वाजवायचे नाहीत, हे कुठून आलं?”

“विधिमंडळात प्रश्न आला होता. त्यानंतर वरून हुकूम आला.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तो प्रश्न माझा होता,” त्या म्हणाल्या. “लोकांना कळवून वाजवा, असं म्हटलं होतं मी. वाजवूच नका असं कोण म्हणालं?” खोलीतल्या सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. “चिठ्ठी दाखवा.” त्यांनी ती वाचली आणि उठल्या. “चला. आत्ता वाजवा.”

“बाईसाहेब, घबराट होईल,” साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“अहो, अडीच फूट उरलंय. आज नाही घाबरायचं तर कधी घाबरायचं?”

पुढची वीस मिनिटं सगळ्यांनी फोन केले. सदस्यांनीसुद्धा, बिस्किटवाल्यांनी तर कोट काढून ठेवला. प्रत्येक भोंग्याखाली एकेक माणूस उभा करायचा, त्याने लोकांना सांगायचं की चाचणी आहे, पळू नका, आणि ऐकू आलं की फोनवर कळवायचं. नऊ नंबरला ताईने धाकट्याला उभं केलं.

किल्ली नऊ वर्षांत फिरली नव्हती. वायरमनने पक्कड लावली तेव्हा कुठे ती ‘आवाज चालू’वर आली. अध्यक्षबाईंनी मान हलवली आणि ताईने कळ दाबली. एकापाठोपाठ एक चौदाही दिवे हिरवे झाले.

“एक नंबर वाजतोय!” कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. “तीन वाजतोय.” “पाच नंबर, नुसती घरघर आहे म्हणतात.” “अकरा वाजतोय!” साहेब रुमालाने मान पुसत होते. मग हळूहळू खोलीतले आवाज कमी होत गेले. चार नंबर नाही. सात नाही, आठ नाही.

ताईने फोन कानाला इतका दाबून धरला होता, की कान दुखत होता. पलीकडे माणसांची गर्दी ऐकू येत होती. पोरांचा कालवा, कुणाचं तरी खोकणं. एक म्हातारा म्हणत होता, “अरे, बटण दाबायला मुहूर्त बघतायत की काय!” आणि सगळे खो खो हसत होते.

“ताई,” धाकटा म्हणाला, “अख्खी वस्ती जमलीय गं टाकीखाली. आईपण आलीय काठी टेकत, तिला ऐकायचाय. दाब की आता.”

ताईने पॅनेलकडे पाहिलं. नऊ नंबरचा दिवा हिरवागार होता.

“दाबलंय रे.”

“कधी?”

“दोन मिनिटं झाली.”

धाकट्याच्या मागे लोकांचं हसणं अजून चालूच होतं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ताईच्या पाठीमागे फळ्यावरचा आकडा पुसून कुणीतरी दोन फूट लिहीत होतं.

“वाजलाय असं समज,” ती म्हणाली. “आईला उचल आणि सगळ्यांना ओरडून सांग. चाचणी नाही म्हणावं. निघा.”