जून लागला, कारखाना बंद

मी एक फ्लॉपी बोलतेय. कपाळाला आठ्या घालू नका. पन्नाशीच्या पुढच्यांनी मला हातात धरले आहे. बाकीच्यांनी निदान माझ्या धाकट्या बहिणीचे चित्र पाहिले आहे. संगणकावर काही जपून ठेवताना ज्या चौकोनी खुणेवर तुम्ही बोट ठेवता, ती तिचीच. मी तिच्याहून मोठी, काळी, पापडासारखी पातळ, मधोमध भोक असलेली. रूपाचा गर्व करावा असे काही नाही. पण माझ्या पोटात चार कारखाने होते आणि एक अख्खा शेअर बाजार.

प्लास्टिकची मी कुठल्याशा परदेशात तयार झाले, पण माझा खरा जन्म म्हापशाच्या एका कॉम्प्युटर क्लासमधला. तिथे मुंबईहून आलेल्या एका फ्लॉपीवरचा खेळ माझ्यावर उतरवला गेला. ती मुंबईची स्वतः सिंगापूरच्या एकीची नक्कल होती. म्हणजे मी नकलेची नक्कल. आमच्यात कुळाची चौकशी करत नाहीत. केली तर तोंड दाखवायला कुणीच उरणार नाही.

खेळ सोपा होता. चार जणांनी चार कंपन्या चालवायच्या. दर महिन्याला ठरवायचे, माल किती काढायचा, यंत्रांच्या दुरुस्तीवर किती घालायचे, आणि कुणाचे शेअर घ्यायचे किंवा विकायचे. मग बटण दाबले की मी घरघरत हिशेब करायची आणि कोण तरला, कोण बुडाला ते पडद्यावर यायचे. माल कसला, हे मात्र खेळ करणाऱ्याने सांगितलेच नव्हते. नुसते ‘युनिट’.

मला विनोदिनीबाईंनी डिचोलीला आणले. बाई पेडण्याच्या. रोज दोन बसगाड्या बदलून डिचोलीजवळच्या एका उच्च माध्यमिक शाळेत वाणिज्य शिकवायला यायच्या. नोकरी तात्पुरती. गोवा राज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. राज्य कायम झाले होते, बाई अजून व्हायच्या होत्या.

शाळेला कुठल्याशा योजनेतून एक संगणक मिळाला होता. त्याची खोली देवळासारखी. चपला बाहेर, आवाज हळू, आणि खिडक्या सदा बंद, कारण रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जात आणि तांबडी धूळ कुणाचीही परवानगी न घेता आत येई. त्या खोलीत मुले माझ्याभोवती कोंडाळे करून बसत. राजभाषा कोकणी की मराठी यावरून ज्यांच्या घरात जेवणे अर्धी राहत, तीच मुले माझ्यासमोर एकदिलाने इंग्रजीत चुकत. भाषेचा प्रश्न मी एकटीने सोडवला होता, पण कुणी नोंद घेतली नाही.

नोंद घेतली ती शाळेच्या व्यवस्थापन मंडळाचे अध्यक्ष सगुणबाब यांनी, आणि ती वेगळीच. सगुणबाबांचे ट्रक खाणीवर धावत. माणूस आवाजाने मोठा, मनाने वाईट नव्हे, पण एकदा मत झाले की ते उतरवायला क्रेन लागे. एके दिवशी ते चपला घालूनच आत आले.

“बाई, हांगा भुरगीं खेळतात म्हण आयकलां. खेळूंक शाळेक मैदान ना?”

“खेळ नव्हे, सगुणबाब. मुलं कंपनी कशी चालते ते शिकतात.”

“शेअरांचो जुगार शिकतात म्हण सांगा.”

गंमत म्हणजे ते वर्ष शेअरांच्या तापाचे होते. बाजारातल्या न्हाव्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे, ज्यांची नावे धड उच्चारता येत नाहीत अशा कंपन्यांचे मालक झाले होते. खुद्द सगुणबाबांकडेही शेअर होते. पण स्वतः घेतले की गुंतवणूक आणि पोरांनी शिकले की जुगार, ही व्याख्या आमच्याकडे जुनी आहे.

त्यांनी निकालच दिला. एप्रिलपासून संगणकाचा वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे बाईही बंद, कारण त्यांची नेमणूक त्या वर्गापुरतीच होती. बाईंनी वाद घातला नाही. पणजीला एका व्यापारी संघटनेने याच खेळाची स्पर्धा ठेवली होती, त्याचे पत्रक त्यांनी पुढे केले.

“बक्षीस आणलं तर वर्ग राहू दे.”

“आनी हाडलें ना जाल्यार?”

“नाही आणलं, तर मी स्वतःहून राजीनामा लिहून देईन. तुम्हाला बोलायची तसदी नको. फक्त एक अडचण आहे. प्रत्येक संघात एक शिक्षक, एक विद्यार्थी आणि एक उद्योजक हवा. डिचोलीत तुमच्याएवढा उद्योजक दुसरा कोण, मला तरी ठाऊक नाही.”

सगुणबाबांनी मिशीवरून हात फिरवला. मग पत्रक घडी करून खिशात घातले.

पणजीच्या त्या सभागृहात पंखे होते, फुले होती, पाहुण्यांसाठी सोफा होता. फक्त खेळ सुरू होत नव्हता. संघटनेने विकत घेतलेली अस्सल फ्लॉपी परवलीचा शब्द मागत होती आणि तो शब्द ज्याला ठाऊक होता तो गृहस्थ रजेवर होता. घामाघूम झालेल्या चिटणीसांनी विचारले, “कुणाकडे दुसरी आहे का?” बाईंनी पिशवीतून मला काढले. नकलेला परवलीचा शब्द लागत नाही. अस्सल अडली, नक्कल कामाला आली. चारही संघांचे नशीब आता माझ्या पोटात.

आमच्या संघात बाई, सगुणबाब आणि बारावीतली समीक्षा. समीक्षाचे वडील खाणीवर ट्रक चालवत, आणि ट्रक सगुणबाबांचाच. त्यामुळे ती पोर कळफलकापेक्षा त्यांच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होती. नियम असा की माल किती काढायचा याचा शेवटचा शब्द उद्योजकाचा, शेअरांचा शिक्षकाचा, आणि बटणे विद्यार्थ्याने दाबायची. समोर पणजी, मडगाव आणि म्हापसा इथले तीन संघ. तिघांचेही उद्योजक टाय लावून आलेले. सगुणबाबांच्या सदऱ्याच्या खिशाला मात्र ग्रीसचा डाग होता आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती.

खेळातले वर्ष जानेवारीत सुरू झाले. सगुणबाबांनी ‘युनिट म्हणजे काय’ असे तीनदा विचारले आणि समाधान न झाल्याने आपण खनिजच काढतो असे मनाशी ठरवून टाकले. मार्च आला, एप्रिल आला. मागणी वाढत होती, सगळे माल काढत होते. आम्ही शेवटून पहिले. पणजीवाल्यांचा शेअर आभाळात. मडगावचे गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, “डिचोलीचे ट्रक चढणीवर अडले वाटतं!” समीक्षाने मान खाली घातली. बाई पाणी प्यायल्या.

मग पडद्यावर जून आला.

सगुणबाब खुर्चीत मागे रेलले. “बाये, जून लागलो. काम बंद.”

समीक्षाला वाटले आपण चुकीचे ऐकले. “बंद म्हणजे किती काका?”

“बंद म्हणजे बंद. शून्य घाल.”

बाई हादरल्या. “सगुणबाब, हा खेळ आहे. यात पाऊस नसतो.”

“पावस ना? मागीर हो जून कसलो?”

“अहो, बाकीचे तिघे दुप्पट माल काढताहेत!”

“काडूं दी. बुडटले.” मग त्यांना जन्मभराची दुसरी सवय आठवली. “आनी दुरुस्तीक पयसे घाल. पावसांत गाडी खोलून दवरूंक जाय, ना जाल्यार ऑक्टोबरांत वाटेर रावता.”

ज्या खाणपट्ट्यात पावसाचे चार महिने ट्रक गॅरेजमध्ये आणि खनिज नेणाऱ्या बार्जी धक्क्याला असतात, तिथल्या माणसाला पंचांगात तरी दुसरे काय दिसणार? खेळ करणाऱ्या त्या परदेशी पंडिताने सगळ्या प्रकारच्या चुका गृहीत धरल्या असतील. पण धंदा तेजीत असताना कुणी कारखान्याला कुलूप लावून यंत्रांना तेलपाणी करत बसेल, हे त्याच्या स्वप्नातही आले नसणार. पण शेवटचा शब्द उद्योजकाचा. समीक्षाने शून्य घातले. सभागृहात हसू फुटले. बाईंचा चेहरा राजीनाम्याच्या कागदासारखा कोरा झाला.

जुलैतही शून्य, पुढेही शून्य. ऑगस्टमध्ये मी हिशेब करू लागले आणि माझीच घरघर मला वेगळी ऐकू आली. तिन्ही कारखान्यांनी इतका माल काढला होता की बाजाराला तो गिळवेना. भाव कोसळला. गोदामे भरली, गोदामांचे भाडे चढले, भाड्यासाठी कर्ज काढले, कर्जाला व्याज लागले. त्यात दुरुस्तीत काटकसर केल्यामुळे म्हापशाची यंत्रे बंद पडली. सप्टेंबरही शून्यावर सरला तेव्हा पणजीवाल्यांचा आभाळातला शेअर मांडवीच्या गाळात रुतला होता. टाय सैल झाले. आणि आमच्याकडे? ना माल, ना कर्ज, यंत्रे तेल घातलेली, आणि रोकड जवळजवळ जशीच्या तशी.

“आतां काडा माल!” सगुणबाब ओरडले. “पावस सोपलो!”

बाई पडद्याकडे टक लावून पाहत होत्या. “माल काढाच. पण सगळे पैसे त्यात नकोत. पणजीवाल्यांचे शेअर मातीमोल झालेत. गोदामं रिकामी झाली की तीच कंपनी सगळ्यात आधी उठेल, त्यांचा कारखाना मोठा आहे. अर्ध्याहून जास्त शेअर आपण आत्ताच घ्यायचे.”

“बुडपाची कंपनी घेवची? बाई, पिशें लागलां?”

शेअरांचा शब्द शिक्षकाचा होता. म्हणजे नियम बाईंच्या बाजूने होता. पण शाळेतला एप्रिल सगुणबाबांच्या बाजूने होता. दोघांनाही ते ठाऊक होते, आणि समीक्षाची बोटे दोघांच्या मध्ये थांबली होती.

“जूनमध्ये मी तुमचं ऐकलं,” बाई म्हणाल्या. “आता तुम्ही माझं ऐका.”

“बुडलें जाल्यार?”

“माझी नोकरी जाईल. ती तशीही जातेच आहे.”

सगुणबाबांनी बाईंकडे पाहिले. दोन बस बदलून येणाऱ्या त्या कृश बाईकडे त्यांनी बहुधा प्रथमच नीट पाहिले असावे. मग पोरीला म्हणाले, “घाल गे बाये. बाई सांगता तितले घाल.”

ऑक्टोबर. आमची यंत्रे पहिल्या दिवसापासून धडधडत सुटली, एकही थांबले नाही. नोव्हेंबर. गोदामे रिकामी झाली, भाव उठला, आणि पणजीवाल्यांचा शेअर असा वर आला की सभागृहात कुणीतरी शीळ घातली. त्यातले अर्ध्याहून अधिक शेअर आमचे! डिसेंबरचे बटण समीक्षाने डोळे मिटून दाबले. मी घरघरले. आयुष्यात इतक्या अभिमानाने मी कधी फिरले नव्हते. आम्ही पहिले होतो, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीचे मालकही आम्हीच होतो.

मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारले, “तेजीत उत्पादन थांबवण्यामागे तुमचे धोरण काय होते?”

“पावस,” सगुणबाब म्हणाले.

परीक्षकांनी बाईंकडे पाहिले. बाई शांतपणे म्हणाल्या, “बाजाराला किती पचेल ते ओळखून थांबणं, थांबलेल्या काळात यंत्रं धडधाकट ठेवणं आणि रोकड राखून स्वस्ताईत खरेदी करणं.”

“तेंच सांगलें मगे हांवें,” सगुणबाब म्हणाले. टाळ्या पडल्या. ढाल त्यांनी घेतली, पण व्यासपीठावरून उतरताच ती समीक्षाच्या हातात दिली आणि म्हणाले, “घरा बापायक दाखय. आनी फाल्यां ताका सुटी म्हण सांग.” दुसऱ्या दिवशी खाणीवरचा एक ट्रक घरीच राहिला.

पुढच्या बैठकीत वर्ग चालू ठेवण्याचा आणि बाईंना कायम करण्याचा ठराव सगुणबाबांनी स्वतः मांडला. संगणकाचे महत्त्व आपण पहिल्यापासून ओळखले होते, असेही त्यांनी भाषणात सांगितले. बाई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या आणि त्यांनी एका शब्दानेही दुरुस्ती केली नाही. जिंकलेल्या माणसाला ते परवडते.

आता माझे वय झाले आहे. विनोदिनीबाई प्राचार्य होऊन निवृत्त झाल्या. मी त्यांच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात पडून असते. गोव्याच्या दमट हवेने अंगावर बुरशीचे ठिपके आलेत. मला वाचणारे यंत्र आता आसपास कुठे नाही, आणि मला त्याचे दुःख नाही. त्या संध्याकाळी उठण्यापूर्वी समीक्षाने शेवटचा डाव माझ्यात जपून ठेवला, आणि त्यावर नंतर कुणीच खेळले नाही. बाहेर किती कंपन्या आल्या, किती बुडाल्या. माझ्या पोटातली कंपनी आहे तिथेच आहे. त्या दिवसापासून तिचा शेअर एका पैशानेही उतरलेला नाही. हे म्हणू शकेल असा एक तरी उद्योगपती दाखवा.

म्हणून एकच विनंती. कधी चुकून कुठल्या अडगळीत जुने यंत्र सापडलेच, तर मला त्यात घालू नका. जानेवारी सुरू होईल. मला डिसेंबरातच राहू द्या.