टिटवीचे पाय

“डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. ऐकीव एक ओळसुद्धा नको. आणि लिहिलेलं चुकलं असं कळलं, तर ढाल घेऊन माझ्याकडं यायचं, मला सांगायचं.”

हा आवाज त्रिंबक गुरुजींचा. मित्रांनो, मी एक जुनी फिरती ढाल आहे, आणि हे बोलणं मी दर वर्षी ऐकलं आहे. निसर्गाविषयी जो सर्वांत चांगलं लिहील, त्याच्या घरी मी वर्षभर राहायचं आणि मग पुढच्या घरी जायचं, असा माझा नेम. माझ्या अंगावर पितळेच्या नऊ पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीवर एक नाव. पाचव्या पट्टीवरच्या नावात एक चूक आहे आणि ती आजही तशीच आहे. पण आधी माझा जन्म सांगते.

केजला एका लहानशा वाचनालयाच्या अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. एका वादळात ते पडलं. लोक फांद्या जळणाला न्यायला लागले, तेव्हा गुरुजींनी बुंध्याचा एक तुकडा आपल्या सायकलला बांधला आणि सुग्रीव सुताराकडं नेला. गुरुजी शाळेत विज्ञान शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. सुग्रीवनं मला रंधा मारला, कडा गोल केल्या, पॉलिश दिलं. माझ्या डोक्यावर पितळेचा चंडोल बसवायचा होता. गुरुजींनी कागदावर चंडोल काढून दिला, पण घडवणाऱ्या तांबटाचा हात तांब्या-घागरीला सरावलेला. पक्षी पोटाला जरा सुटला. कुणी त्याला कबुतर म्हणायचं, कुणी कोंबडी. गुरुजी म्हणाले, “असू द्या. पंख आहेत एवढं तरी कळतंय.”

ते ब्याण्णव साल होतं. गावोगाव एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, घरांच्या छपरांवर मोठमोठ्या छत्र्या उगवत होत्या. वाचनालयात पेपर वाचायला येणारी माणसं दुपारी केबलवर सिनेमा पाहायला लागली. गुरुजींनी कुणाला नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणायचे, “आफ्रिकेतला सिंह आता घरबसल्या दिसेल. चांगलं झालं. बांधावरच्या सरड्याकडं मात्र कुणीतरी पाहिलं पाहिजे.”

पहिल्या वर्षी मी जनावरांच्या एका डॉक्टरांकडं होते. त्यांनी मधमाश्यांवर लिहिलं होतं. ते मला रोज पुसायचे. नंतरच्या एका घरात मात्र वर्षभर मी तांदळाच्या पिंपावर झाकण म्हणून राहिले. माझी तक्रार नाही. एकही उंदीर मी आत जाऊ दिला नाही.

पाचव्या वर्षी सिरसाळ्याहून एक दोनशेपानी वही आली. वहीवर नाव होतं, गंगासागर सोमेश्वर शेटे. हे नाव आमच्याकडं बाईचंही असतं आणि बाप्याचंही. परीक्षकांनी बाप्या धरला. पट्टीवर कोरलं गेलं, ‘श्री. गंगासागर सोमेश्वर शेटे’. समारंभाला नाव पुकारलं, तर डोक्यावर पदर, कपाळाला विभूती अशी एक बाई उठून आली.

“ताई, मालक आले नाहीत का?” गुरुजींनी विचारलं.

“आलेत की. खाली बसलेत. पण वही माझी हाय.”

सगळे हसले. गुरुजी ओशाळले. “ही पट्टी मी बदलून देतो,” ते म्हणाले.

“राहू द्या गुरुजी. श्री म्हंजे देवाचंच. माझ्या नावाच्या आधी देव आला, तर काय बिघडलं?”

मग गुरुजींनी आपलं नेहमीचं बोलणं बोलून दाखवलं आणि हात पुढं केला. गंगासागरनं त्यावर हात ठेवला. “वचन दिलं,” ती म्हणाली. तेव्हा गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वही त्यांनी स्वतः वाचलेली नव्हती.

तिची वही कशी लिहिली गेली, ते मला तिच्या घरी गेल्यावर कळलं. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी पायात चप्पल घालत नाही. एका वर्षी गंगासागरनं नेम धरला की रोज एक जीव नीट पाहायचा, त्याच्याविषयी दोन ओळी लिहायच्या, मगच घास घ्यायचा. चातुर्मास संपला, तिचा नेम सुटला नाही. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की ती परसात जायची. कधी मुंग्या, कधी पाल, कधी सुगरणीचा खोपा. लिहिताना हळू आवाजात पुटपुटायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

तिच्या मालकांचं, सोमेश्वरआप्पांचं, किराणा दुकान होतं. त्यांनी नुकताच थंड बाटल्यांचा फ्रिज आणला होता. त्याच्यावरच्या फळीवर मला ठेवलं. बंकट नावाचं रोजचं गिऱ्हाईक होतं. ते पहिल्याच दिवशी म्हणालं, “आप्पा, कोंबडी कशी दिली?”

“बक्षीस हाय ते. आमच्या घरच्यांचं,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी गल्ल्याखालची वही काढून त्याला एक ओळ वाचून दाखवली. परीक्षकांनी सगळ्यांत जास्त वाखाणलेली ती ओळ होती. ‘टिटवी रात्री पाय वर करून झोपते. आभाळ कोसळलंच तर ते पिलांवर पडू नये, म्हणून.’ बंकट म्हणाला, “लई खरं हाय बघा.” त्यानंतर कुणीही आलं की आप्पा ती ओळ वाचायचे. मीही फळीवर जरा ताठ बसायचे.

पुढच्या चैत्रात गंगासागर भर दुपारी गावामागच्या मुरमाड पडकात, म्हणजे पडीक रानात, जाऊन बसायला लागली. तिथं टिटवीनं खड्यांत चार अंडी घातली होती. पहिल्या दिवशी परत येऊन तिनं लिहिलं, ‘आज टिटवी अंड्यांवर बसल्या बसल्या झोपली. पाय पोटाखाली होते.’ लिहिता लिहिता तिचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, ‘आज नर उभ्यानं पेंगला. एक पाय वर घेतला, पण पिसांत. आभाळाकडं नाही.’

मग तिनं बक्षिसाची वही उघडली आणि ती ओळ बराच वेळ पाहिली. नेम पुरा झाला होता, तरी त्या दिवशी तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

संध्याकाळी तिनं आप्पांना सांगितलं.

“दुपारचं तसं झोपत असंल,” आप्पा म्हणाले. “रात्री करत असंल की पाय वर.”

“रात्रीचं मी बघितलंच न्हाई. तेच तर चुकलं माझं.”

“अगं, आता टिटवी येणार हाय का वाचायला?”

“गुरुजींना वचन दिलंय मी. ढाल घेऊन जावं लागंल.”

आप्पांचा चेहरा उतरला. “ढाल परत गेली, तर बक्षीस काढून घेतलं म्हणतील लोक. त्या बंकटला काय सांगू मी? रोज इथं येऊन बसतोय त्यो.”

ती भाकरी थापायला आत गेली. दोन दिवस आप्पांनी कुणालाही ती ओळ वाचून दाखवली नाही, आणि फळीवर माझा जीव खालीवर होत राहिला. आपण मानाच्या जागी बसलो आहोत आणि ती जागा आपली नाही, ही भावना फार जड असते, मित्रांनो. तांदळाच्या पिंपावर मी याहून सुखात होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सासूबाई, सरस्वतीबाई, आतल्या दारात येऊन बसल्या. “कावून दोघं गप गप हाय रं? कसली टिटवी निघाली?”

गंगासागरनं खाली मान घालून सगळं सांगितलं. टिटवीच्या पायांची गोष्ट तिला सासूबाईंनीच सांगितली होती. त्यामुळं हे सांगणं तिला सगळ्यांत अवघड गेलं.

सासूबाईंनी हातातली वात वळून ठेवली. “मला माझ्या आत्यानं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तिला तिच्या आईनं. बघितलं कुणीच न्हाई, बघ. मग आभाळाला टेकू कुणाचा गं?”

“ज्याचं आभाळ त्यो बघतो, आत्याबाई,” गंगासागर सासूला म्हणाली.

सासूबाई हसल्या. “जा तू. गुरुजीला सांग, लिहिलं सुनंनं, पण सांगितलं सासूनं. अर्धी चूक माझी हाय. आन् सोम्या, तुझ्या बंकटला मी बघते.”

मित्रांनो, माझं पितळ आता काळवंडलं आहे आणि कडेला कीड लागली आहे. तुम्ही मला पुसलंत तर मला बरं वाटेल. नाही पुसलंत तरी चालेल. पण ज्या जिवाविषयी लिहाल, त्याच्याजवळ आधी थोडा वेळ बसून या. त्याचे पाय कुठं आहेत ते पाहा. माझ्यासारख्या लाकडाची तेवढीच निगा पुरे आहे.

त्या सकाळी गंगासागरनं पूजा केली, उंबऱ्यावरच्या मुंग्यांवर दोन ओळी लिहिल्या आणि अर्धी भाकरी खाल्ली. मला फळीवरून काढलं. आप्पा पुढं आले. तिला वाटलं, अडवतात. त्यांनी फक्त खांद्यावरच्या उपरण्यानं माझा चंडोल पुसला. “चिंच लावून घासायला पायजे होतं,” ते म्हणाले, आणि तेलगावची जीप थांबवायला रस्त्यावर गेले. तेलगावहून तिला केजची गाडी मिळणार होती.

तिनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. माझा चंडोल तेवढा बाहेर राहिला. गाव मागं पडलं. पडकापाशी जीप खड्ड्यात हळू झाली, तेव्हा एक टिटवी ओरडत उठली आणि पुन्हा खाली उतरली. गंगासागर खिडकीतून वाकली आणि दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडं पाहत राहिली.

“दोनी पाय भुईला हायेत,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिनं मला नीट धरलं.