थोरलीची अट

दोघी बहिणींचं शिवणकामाचं दुकान होतं. धाकटी कापड बेतायची, थोरली शिवायची. साठी दोघींनीही ओलांडली होती. लग्नाच्या भानगडीत एकीही पडली नव्हती, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचं बरं चाललं होतं. गेल्या वर्षापासून मात्र थोरली विसरायला लागली. गॅस चालूच राहायचा. गिऱ्हाइकाला दिलेला वायदा चुकायचा. एका कोटाच्या तर दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या. "तू झोपली होतीस, म्हणून मीच कातर चालवली," थोरली म्हणाली.

धाकटीचा स्वभाव तिखट. "ताई, तुझं डोकं असतं कुठं?" असं ती गिऱ्हाइकांसमोरही सुनवायची. थोरली हसून वेळ मारून न्यायची. शेवटी धाकटीच तिला मेंदूच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "या आजारात मेंदूत ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं. विसराळूपणा दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून. पेट स्कॅनमध्ये ते दिसतं." तिथं रुग्णांच्या भावंडांचाही अभ्यास चालला होता, धाकटीची इच्छा असेल तर तिचाही स्कॅन होणार होता.

"छोटी यंत्रात जाणार असेल तरच मी जाते," थोरली म्हणाली.

"लहान मुलासारखी अट काय घालतेस?" धाकटीला हसू आलं. पण बहिणीची भीती मोडावी म्हणून ती तयार झाली, आणि आधी स्वतःच गेली.

स्कॅन करणाऱ्या माणसानं दंडाच्या शिरेत किरणोत्सर्गी औषध सोडलं आणि तो लगेच शिशाच्या पडद्याआड झाला.

"माझ्या अंगात सोडलंत आणि स्वतः पळालात?"

"मावशी, आमचं हे रोजचंच. तुम्ही एकदाच्या."

औषध मेंदूत पोचून त्या प्रथिनाला चिकटेपर्यंत तिला एका खिडकी नसलेल्या खोलीत बसवलं. मग डोकं पट्ट्यानं बांधून यंत्राच्या रुंद कड्यात सरकवलं. हलायचं नाही, म्हणून तिनं मनातल्या मनात एक कोट बेतायला घेतला. पाठ झाली, पुढचे पल्ले झाले, कॉलर झाली. बाहीपाशी ती अडली. पुन्हा पाठीपासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडली. यंत्राच्या घरघरीत कुणाचं लक्ष लागणार, असं तिनं स्वतःला सांगितलं.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. एकात मेंदूचा आतला भाग झाडाच्या फांद्यांसारखा वेगळा उठून दिसत होता. दुसऱ्यात सगळं कडेपर्यंत एकच झालं होतं.

"हे दुसरं, साचलेलं, ताईचं ना?" धाकटीनं आवाज खाली आणून विचारलं.

"नाही. ते तुमचं. त्यांचा स्कॅन स्वच्छ आहे, स्मरणाच्या चाचण्याही चांगल्या आहेत."

धाकटीनं पुढं वाकून चित्राखालचं नाव वाचलं.

"साचलंय म्हणजे आजार झालाच, असं नाही. अजून तपासण्या कराव्या लागतील. तुम्हाला विसरायला होतं का?"

"मला? मुळीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी थोरलीकडे पाहिलं. थोरली मान खाली घालून पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

रस्ता ओलांडून दोघी बसथांब्यावर बसल्या. बस आली आणि गेली.

"गॅस कोण चालू ठेवायचं?" धाकटीनं विचारलं.

"तू."

"आणि त्या बाह्या?"

"झोपली नव्हतीस तू. माझ्यासमोर बेतल्यास. मी अडवलं, तर भांडलीस."

धाकटीला ते भांडण आठवेना. तिनं डोक्याला खूप ताण दिला. त्या जागी काहीच नव्हतं.

"मग वर्षभर माझी बोलणी का खात बसलीस?"

"पहिल्यांदा सहज अंगावर घेतलं. मग बघितलं, माझ्यावर ओरडलीस की तुझी भीती जाते." थोरलीनं पर्सचा बंद बोटावरून सोडवला. "पण तुला इथं आणायचं कसं? स्वतःसाठी तू आली नसतीस. म्हणून अट घातली."

धाकटी संतापली. हात झटकून उठली, चार पावलं गेली, आणि कुठल्या बसनं जायचं हे विचारायला परत आली. थोरलीनं तिचा हात धरला तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

त्या संध्याकाळी धाकटीनं बजावलं, "यापुढं माझी चूक झाली की तोंडावर सांगायची. लपवायची नाही."

"सांगेन," थोरली म्हणाली.

पुढच्या तपासण्यांची तारीख मिळाली. दुकान चालूच राहिलं. दिवे मालवण्याआधी धाकटी रोज विचारायची, "आज काही?" थोरली रोज म्हणायची, "काही नाही गं. सगळं नीट झालं."

एकदा उत्तर ऐकून धाकटी वळली, तर खुंटीवर करड्या रंगाचा कोट होता, टाचून तयार. अंगाला लावून बघितला. बाह्या बरोबर होत्या, बेत नेटका होता. तो आपण कधी कापला, कुणासाठी कापला, की आपला बिघडलेला लपवून ताईनंच नवा कापला होता, हे तिला कळेना. थोरली मशीनवर मान खाली घालून बसली होती. धाकटीनं कोट पुन्हा खुंटीला अडकवला आणि काही विचारलं नाही.