अस्वलाचं हाफ तिकीट

"यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि त्याला माझा इलाज नाही; पण गोंडपिपरी ते अहेरी या रस्त्यावर मी एका अस्वलाला हाफ तिकीट फाडून दिलेलं आहे."

गुणवंतरावांनी खुर्चीत मागं रेलून हे वाक्य सांगितलं आणि टायपिंग करणाऱ्या बाबुलालची बोटं हवेतच थांबली.

"भाऊ, हे टाकू?"

"टाक."

"लोक काय म्हणतीन?"

"काहीतरी म्हणतीन ना, लेका! आतापर्यंत तेवढंही कोणी म्हणून नाई राह्यलं."

बाबुलालचं अहेरीच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान. दोन हजार सात साली त्यात त्यानं दोन कॉम्प्युटर आणून ठेवले आणि बाहेर 'इंटरनेट' अशी पाटी ठोकली. लाइट असली की नेट नसायचं, नेट आलं की लाइट जायची. दोन्ही एकाच वेळी हजर असण्याचा योग आला की तो रस्त्यावर येऊन "गुणवंतभाऊ ऽऽ" अशी हाळी देई आणि गुणवंतराव तोंडातला खर्रा थुंकून धावत येत.

गुणवंतरावांची सारी हयात एसटीच्या कंडक्टरकीत गेली. खाकी उतरली, पण सवय उतरली नाही. घरात दोन माणसं दारात उभी दिसली तरी त्यांच्या तोंडून "आत सरका, आत सरका" निघायचंच. अशा माणसाला इंटरनेटचं वेड लागायचं कारण म्हणजे त्यांची लेक डिंपल.

डिंपलनं आलापल्लीच्या रस्त्यावर घराला लागून दोन खोल्या काढल्या होत्या. जंगल बघायला येणाऱ्यांनी राहावं, तिच्या हातचं जेवावं, असा बेत. खोल्या झाल्या, चुना झाला, गाद्या झाल्या. फक्त माणूस आला नाही. जावई प्रफुल भला माणूस, पण धीराचा कमी. "मामाजी, संक्रांतीपर्यंत पाहतो," तो म्हणाला, "नाई जमलं तर नागपूरले जातो. भावाच्या ट्रान्सपोर्टात काम आहे. डिंपल अन् पोट्टे पण येतीन मग."

डिंपल नागपूरला जाणार म्हणजे नातवंडं जाणार, आणि गुणवंतरावांच्या गप्पांना उरणार कोण? बाबुलाल. तो तर अर्ध्या गप्पेत "भाऊ, शाई संपली" म्हणून उठून जायचा.

म्हणून गिऱ्हाईक शोधायला गुणवंतराव इंटरनेटवरच्या 'चला जंगलात' या समूहात शिरले. सारा प्रकार त्यांना ओळखीचा वाटला. भरगच्च गाडी, आणि पुढच्या चार सीटांवर रुमाल टाकून बसलेली चौकडी! एक टायगरकाका, एक नागपुरी संत्रा, एक पुणेरी पावटा आणि एक ताडोबाची राणी. ही माणसांची तिथली नावं. समूह प्रवासाचा, पण प्रवासाचा शब्द निघाला की चौघांना आपापसातलं काहीतरी आठवायचं.

एक दिवस त्या समूहात रंजीता नावाच्या बाईंनी विचारलं, "मी कुरखेड्याची. आमच्या महिला मंडळाच्या पंधरा-वीस जणी डिसेंबरात आलापल्लीचं जंगल बघायला येऊ म्हणतात. राहायची-जेवायची साधी सोय कुठं आहे का?"

गुणवंतराव खुर्चीतून उठलेच. "बाबुलाल! पंधरा-वीस जणी! आपल्या डिंपलच्या दाराशी येऊन उभ्या आहेत ह्या!"

पण त्या प्रश्नाखाली टायगरकाकांनी लिहिलं होतं, "कुरखेडा म्हटलं की मला संत्र्याच्या मावशीचं लोणचं आठवतं." संत्रा म्हणाला, "हाहाहा! ती बरणी!" राणी म्हणाली, "बरणी!!!" पावटा म्हणाला, "आता मी दिवसभर हसणार." ही बरणी काय भानगड होती ते त्या चौघांना सोडून देवालाही ठाऊक नसावं.

गुणवंतरावांनी उत्तर टाकलं: खोल्या दोन, अंगण मोठं, गाद्या भरपूर, जेवण डिंपलच्या हातचं. चहा पिऊन परत येईतो ते उत्तर बरण्यांच्या ढिगाखाली तीन पानं मागं गेलेलं. रंजीताबाईंना सरळ गाठावं, तर समूहात कोणाचा पत्ता दिसत नसे, फोन दिसत नसे. बोलायचं ते सगळ्यांच्या देखत, आणि सगळ्यांच्या देखत तर फक्त बरणी होती.

मग गुणवंतरावांनी कंडक्टरी आवाज लावला. "मधल्या वाटेत उभे राहू नका. एक बाई सवाल विचारून राहिल्या आहेत. आत सरका."

"अय्या, नवे काका आले!" राणीनं लिहिलं. "काका, घंटी वाजवा!" संत्रा म्हणाला. त्यावर दोन दिवस समूहात नुसती टण टण टण.

"आता तक्रार," गुणवंतराव म्हणाले. बाबुलालनं समूहाच्या संचालकाच्या नावे कडक मजकूर टाइप केला. उत्तर तासाभरात आलं: "तक्रार पोचली. आपलाच, टायगरकाका. ता. क. लोणचं पाठवू का?"

बाबुलाल पोट धरून हसला. "भाऊ, ज्यानं रुमाल टाकला तोच ड्रायव्हर निघाला जी!"

"हस, हस," गुणवंतराव म्हणाले आणि बराच वेळ पंख्याकडं बघत बसले. पंखा बंदच होता. मग ते मागं रेलले, आणि बाबुलालला त्यांनी अस्वलाचं ते वाक्य सांगितलं.

पुढचा मजकूर असा होता की एप्रिलच्या उन्हात आष्टीच्या अलीकडं एका अस्वलानं हात केला. ड्रायव्हर सुकलू हा दयाळू माणूस, त्यानं ब्रेक मारला. अस्वलानं पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला, आत पाहिलं...

"अन् पुढं?" बाबुलालनंच विचारलं.

"पुढं काही नाई. इथीच थांबव."

दुसऱ्या दिवशी समूहात बरणीचं नाव नव्हतं. "पुढं काय?" संत्रा विचारत होता. "थापा!" पावटा म्हणत होता, "पण पुढं काय?" टायगरकाकांनी तर तीनदा विचारलं. आणि ज्यांनी जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं अशी दहा-बारा माणसं मागच्या सीटांवरून माना उंच करून बघायला लागली.

गुणवंतरावांनी बाबुलालकडून लिहवून घेतलं: "गाडी पुढं निघायला तिकीट लागतं. या समूहात कित्येकांचे सवाल बिनउत्तराचे पडले आहेत. त्यातल्या एकाला खरं उत्तर द्यावं, तेच तिकीट. चार तिकिटं फाटली की अस्वल एक पाऊल आत येईल. बिनातिकीट गप्पा मारणाऱ्यासाठी गाडी उभी राहील."

चौकडी आधी चिडली. "ही दादागिरी आहे!" "समूह आमचा आहे!" दोन दिवस अस्वल पायरीवर लटकत राहिलं. तिसऱ्या दिवशी पावट्याला राहवलं नाही. कोणीतरी मागं विचारलं होतं की भामरागडला पावसाळ्यात जाता येतं का. पावट्यानं गुपचूप लिहिलं, "नाल्यांना पूर आला की रस्ता बंद होतो, दिवाळीनंतर जा." हे एक तिकीट. मार्कंड्याच्या देवळाला कुठून जायचं, हे राणीनं सांगितलं. दुसरं तिकीट. संत्र्यानं वैरागडच्या किल्ल्याबद्दल एवढं लिहिलं की गुणवंतरावांनी त्याला दोन तिकिटं धरली. अस्वल आत आलं.

मग काय! अस्वलानं खिडकीची जागा मागितली, त्याला दोन दिवस लागले. अस्वल हाफ तिकिटाला भांडलं, त्यापायी सिरोंच्यापर्यंतच्या सगळ्या बसगाड्यांची माहिती समूहात जमा झाली. तिकिटासाठी जुने प्रश्न पुरेनात, तेव्हा चौकडी पानं उलटत मागं मागं जायला लागली. आणि एका दुपारी राणीनं लिहिलं, "अहो, इथं बरणीखाली एक बाई महिनाभर उभ्या आहेत! त्यांना गुणवंतकाकांनी उत्तरही दिलंय, कोणी पाहिलंच नाही. रंजीताताई, आहात का?"

"आहे," रंजीताबाईंचं उत्तर आलं. "रोज येते, अस्वलासाठी. येऊ मग आम्ही?"

बाबुलालनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि गुणवंतरावांना भजी आणून चारली.

गुणवंतराव मात्र कच्चे नव्हते. अस्वल खिडकीपाशी बसलं, गाडी सुटली, आणि त्यांनी जाहीर केलं की याच्यापुढची हकीकत इंटरनेटवर मावत नाही. ज्याला ऐकायची त्यानं डिसेंबरात डिंपलच्या अंगणात यावं.

सगळे आले. सतरंज्या घेऊन कुरखेड्याचं महिला मंडळ आलं, आणि चौकडीही आली. टायगरकाका निघाले बारीक आवाजाचे, चष्मेवाले कारकून; वाघ त्यांनी कॅलेंडरावरच पाहिलेला. मंडळानं खोल्या घेतल्या, चौकडीला डिंपलनं पडवीत गाद्या टाकून दिल्या. दुपारचं जेवण झालं. डिंपलच्या वांग्याच्या भाजीला राणीनं तिसऱ्यांदा ताट पुढं केलं. आणि मग त्या चौघांनी अंगणातली एकुलती बाज धरली, त्यावर रुमाल टाकले, आणि आपसात सुरू झाले, "ए, ती बरणी..."

बाया सतरंजीवर बसून उगाच पदर सारखे करत राहिल्या.

स्वयंपाकघराच्या दारात प्रफुल उभा होता. गुणवंतराव त्याच्याजवळ गेले. "पाह्यलं का जावईबुवा? भरल्या खोल्या!"

"एकडाव भरल्या, मामाजी. उद्या हे जातीन. मंग?" प्रफुल हळूच म्हणाला. "भाऊ संक्रांतीपर्यंत थांबत नाई म्हणते; सोमवारी नागपूरले हो का नाई ते कळवाचं आहे."

आत डिंपल परात घासत होती. परात केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती घासतच होती.

गुणवंतराव अंगणाच्या मधोमध येऊन उभे राहिले. "तिकीट! तिकीट!" ते कडाडले. बरणी जागच्या जागी फुटली. "कुठं होतो आपण?"

"अस्वल खिडकीशी!" सतरंजीवरून एकदम ओरडा झाला.

"हां. तर बाईलोक हो, आष्टीले तिकीट तपासणारा साहेब चढला. मोठा कडक माणूस. अस्वलापाशी आला. अस्वलानं कानामागून तिकीट काढलं अन् दाखवलं."

"वा!" टायगरकाका म्हणाले आणि बाजेवरून उतरून सतरंजीच्या कडेला येऊन बसले.

"साहेब म्हणते, हाफ कसं? याचं वय काय? मी म्हणलं, साहेब, तुमीच विचारा. साहेबानं अस्वलाकडं पाह्यलं, अस्वलानं साहेबाकडं पाह्यलं. साहेब म्हणला, लहानच दिसते."

बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या. पावटा आणि संत्राही आता खाली आले होते. एका आजीबाईंनी सरकून त्यांना जागा दिली.

"गाडी निघाली. अस्वलाच्या बाजूच्या सीटवर इतवारीबाई. मांडीवर टोपलं, टोपल्यात मोहाची ताजी फुलं, बाजारात चाललेली. साऱ्या गाडीत वास. सुकलू रस्ता सोडून आरशातून मागंच पाहून राह्यला. आता होते काय! इतवारीबाई भली बाई, तिनं टोपलं पुढं केलं अन् म्हणली, घे बापा, दोन फुलं खा."

प्रफुल दार सोडून दोन पावलं पुढं आला होता.

गुणवंतरावांनी आधी प्रफुलकडं पाहिलं, मग सावकाश कुरखेड्याच्या बायांवर नजर फिरवली. "अन् अस्वलानं टोपल्याकडं पाह्यलं, दोन्ही हात जोडले, अन् मान हलवून म्हणलं, नको."

"खोटं!"

रंजीताबाई सतरंजीवरून ताडकन उठून उभ्या राहिल्या होत्या. समूहात महिनाभर जिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही, तिचा आवाज आता रस्त्याच्या पलीकडं गेला.

"काका, अस्वलानं गाडीले हात केला, मी मानलं. तिकीट काढलं, मानलं. साहेबानं लहान म्हणलं, तेही मानलं. पण समोर ताजा मोह अन् अस्वल म्हणते नको? आमच्या कुरखेड्यात शेंबडं पोट्टंही नाई मानणार! प्रफुलभाऊ, चैतात मोह पडला का आमी साऱ्या जणी परत येतो, अन् येताना आणखी माणसं आणतो; दोन्ही खोल्या आमच्या नावानं धरून ठेवा, तिसरी बांधता आली तर बांधा. समोरच्या जंगलात मोहाखाली अस्वल कसं तुटून पडते ते ह्या काकाले याच्याच अंगणात बसवून दाखवतो. खोटं बोलून राह्यले, साफ खोटं!"