हाडांपलीकडची चौकशी

घड्याळवालीला हवी ती गोळी मिळाली, सल्ला मिळाला, ती हसत घरी गेली. पण हे झालंच नाही असं धरून चालू, कारण रुग्णालयाच्या कागदावर त्या दिवशी फक्त 'गुडघा' असं लिहिलंय.

घड्याळवाली सव्वीस वर्षांची. घड्याळं दुरुस्त करते, चाकांच्या खुर्चीवर फिरते. लग्नाला दोन आठवडे झाले होते. मूल इतक्यात नको, यावर नवरा-बायकोचं एकमत होतं. पुढचं एकमत कोणत्या गोळीवर करायचं, एवढंच विचारायला ती आत्याला घेऊन रुग्णालयात आली.

खिडकीतल्या कारकुनाने आत्याकडे बघून विचारलं, "यांना काय होतंय?"

"तिलाच विचारा की. तोंड तिचं तिच्याजवळच आहे."

"गर्भनिरोधनाचा सल्ला हवाय," घड्याळवाली म्हणाली.

कारकुनाने आवाज खाली आणला. "यांना? कशाला?"

"कुंडीत घालायला!" आत्या कडाडली. "लग्न झालंय तिचं!"

कारकुनाने खुर्चीकडे पाहिलं, मान डोलावली आणि लिहिलं: हाडं, दुसरा मजला.

वर गुडघ्यावर हातोडी वाजवून तिला खाली पाठवलं. खालून पुन्हा वर. आत्या म्हणाली, "लिफ्टवाला आता मला वहिनी म्हणायला लागलाय."

तिसऱ्या खेपेला हाडांच्या रांगेत शेजारी एक बाई बसल्या होत्या. गुडघा हा असा भोपळ्याएवढा सुजलेला.

"तुझं काय गं?" बाईंनी विचारलं.

"हाडं ठणठणीत आहेत. मला स्त्रियांच्या डॉक्टर हव्यात."

"अगं, ती मीच!" बाई म्हणाल्या. "तपासणीचं टेबल इतकं उंच करून ठेवलंय, पेशंटना वर चढवता चढवता माझा गुडघा गेला. मी म्हणतेच, खुर्चीवरच्या मुली माझ्याकडे येत कशा नाहीत!"

मग रांगेतच तपासणी झाली. आत्याने ओढणीचा पडदा धरला. डॉक्टरांनी रक्तदाब, आधीची दुखणी, चालू औषधं, सगळं विचारलं. "दिवसभर बसून असतेस ना? मग काही गोळ्यांनी पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, त्या तुला नकोत. ही दुसरी घे, रोज ठरल्या वेळी. वेळेचं तुला काय सांगायचं म्हणा. तीन महिन्यांनी दाखव."

"कुठे?"

डॉक्टरांनी रांगेकडे पाहिलं. "इथेच."

घरी जाताना फाटकाशीच घड्याळवालीने खुर्ची थांबवली. तीन महिन्यांत डॉक्टर बऱ्या झाल्या तर? तिने तिथेच, आत्याच्या पाठीवर कागद ठेवून अर्ज लिहिला:

'महोदय, अर्जदारास हाडांव्यतिरिक्त इतर अवयवही आहेत, असा शिक्क्यानिशी दाखला मिळावा. दाखल्याच्या पडताळणीसाठी अर्जदारास हाडांच्या विभागात पाठवू नये. हे शक्य नसल्यास डॉक्टरबाईंचा गुडघा पुढील तपासणीपर्यंत दुखता ठेवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.'