सैतानाच्या नावाची कड

दोन वर्षं आणि तीन चष्मे खर्ची घालून वेयनशेतने गीझ या पोथ्यांच्या जुन्या लिपीची अडीचशेच्या वर अक्षरं पडद्यासाठी घडवली. मठाच्या पाठशाळेतली पोथी आता संगणकावर वाचायची ठरलं होतं. फक्त मेरीगेता यितबारेक यांनी मान डोलवायची बाकी होती. मेरीगेता म्हणजे पाठशाळेचे गुरू; पोथ्या लिहिता लिहिता केस पिकलेले. त्यांनी 'नाही' म्हटलं की ती अक्षरं संपली; दुसरं गिऱ्हाईक अक्षरांना जगात नव्हतं.

मेरीगेता आले ते भिंग घेऊनच. त्या भिंगाखाली पिसू धरली तर ती उपाशी आहे की जेवलेली हेही कळतं, असं अराट किलो भागात सगळे सांगतात. पिसवांनी कधी इन्कार केलेला नाही.

"लोण्यासारखं उतरलंय," लांबून वाचत ते म्हणाले. मग भिंग पडद्याला टेकवलं आणि त्यांच्या खांद्यावरची पांढरी शाल घसरली.

"पोरी, सैतानाच्या नावाला तांबडी शाई?"

"कुठं?"

"डाव्या कडेला! बघ की!"

वेयनशेत पडद्यावर वाकली. तांबडी शाई देवाची, मरियमची, संतांची. सहाशे वर्षांत पाठशाळेतल्या एकाही लेखनिकाचा हात इथं चुकला नव्हता. ज्याचा चुकला, त्याला पुढं हातच उरला नाही, असं मेरीगेताच सांगत.

"शाई नाही ती, मेरीगेता. पडद्याच्या एकेका ठिपक्यात तीन बारीक पट्ट्या असतात. तांबडी, हिरवी, निळी. अक्षराच्या कडेला मी त्यातली एखादीच पेटवते, म्हणून वळण गुळगुळीत दिसतं. नुसत्या डोळ्याला रंग दिसत नाही."

"देवाला दिसतो."

तिने ती युक्ती बंद केली. अख्ख्या पानावर अक्षरांच्या कडांच्या पायऱ्या पायऱ्या झाल्या. मेरीगेता पहिल्याच ओळीत तीनदा अडखळले.

"हे काय? उंदरानं कुरतडलं की काय?"

"तांबडं काढलं की हेच उरतं."

"मग ठेव तुझी अक्षरं तुझ्यापाशी. आमची चामड्याची पोथी बरी." त्यांनी काठी उचलली.

दोन वर्षं दाराकडे चालू लागली.

"मेरीगेता, बाकीच्या शब्दांना तांबडं लागलं तर चालेल?"

"बाकीचं सगळं देवाचंच आहे. त्या एका नावाला नको."

वेयनशेतने पान पुन्हा गुळगुळीत केलं आणि ते एक नाव तेवढं तसंच खडबडीत ठेवलं. ओळीत सैतान एकटाच टवके उडालेला, शिंगं फुटल्यासारखा बसला.

मेरीगेतांनी भिंग लावलं. तांबडं नखभरही नाही. मग मागे सरून वाचायला लागले, नावापाशी धडपडले आणि शाल सावरत हसले.

"असाच आहे मेला! सरळ चालणाऱ्याला ठेच लावणारा." ते पुन्हा बसले आणि कागदावर नावं उतरवू लागले. "हेही घे. हेरोद. यहूदा. संतांना छळणारे सगळे राजे."

"आणि क्रुसाची शिक्षा देणारा पिलात?"

"पिलाताला हात लावू नकोस, तो आपल्या चर्चमध्ये संत आहे."

सतरावं नाव होतं झेरिहुन.

"हा कुठल्या पोथीत आहे, मेरीगेता?"

"पोथीत कसला! माझ्या डोक्यावर राहतो, वरच्या मजल्यावर."

"मग इथं कशाला?"

"तो मेल्यावर त्याच्यावर कुणी चार ओळी लिहिल्याच, तर आपली तयारी असावी."

वेयनशेतने तेही नाव बसवलं. मेरीगेतांनी भिंग लावून ते दोनदा तपासलं, मग मान डोलवली.